सव्वाअकरा, तेवढाच आहे

…नाही, तुम्हीच सांगा, एकोणसाठ वर्षांच्या बाईने दिवसाला पाच अंडी खायची, दोन वेळा वाटीभर कडधान्य खायचं, वर तीन पेले दूध, वर वाडगाभर दही, वर मूठभर शेंगदाणे, आणि पोट "बाई गं, पुरे" म्हणून हात जोडत असताना वर आणखी पनीरचा तुकडा कोंबायचा, आठवड्यातून तीनदा व्यायामशाळेत जाऊन लोखंड उचलायचं, दुपारी झोपायचं, रात्री दहाला दिवा मालवून परत झोपायचं, आणि हे सगळं करून, तुम्हाला सांगते, हे सगळं करून दर रविवारी दंडाला टेप लावला की उत्तर काय? सव्वाअकरा! पहिल्या रविवारी सव्वाअकरा, सातव्या रविवारी सव्वाअकरा, सोळाव्या रविवारी… बरोबर! सव्वाअकरा! अहो, एवढं खाणंपिणं मी भिंतीला घातलं असतं ना, तर भिंतसुद्धा इंचभर फुगली असती!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं. पडले होते. म्हणजे डोकं नाही, आमचे हे पडले होते.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. हे मापं घेतात, कापतात, शिवतात; काजं आणि बटणं माझी. अडतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून चालतात छान, पण जमिनीवर बसले की उठता येत नाही, कुणीतरी उचलावं लागतं. तर एक दिवस दुपारी, शटर अर्धं खाली, मी वर, आणि खालून धप्प! धावत गेले तर हे टेबलाखाली आडवे, गळ्यात टेप, हातात खडू, आणि मला म्हणतात, "काही झालं नाही गं, खडू पडला होता." अहो, खडू नाही, तुम्ही पडलात! लागलं कुठे नव्हतं, देवाची कृपा, पण उठवणार कोण? मी बगलेत हात घातला, ओढलं… हलेनात. पुढून ओढलं, मागून ढकललं, चादर घालून ओढलं, तर नुसती चादर आली! पाऊण तास, तुम्हाला सांगते, पाऊण तास मी त्या माणसाशेजारी जमिनीवर बसून घामाने निथळत होते, आणि हे माझ्याकडे बघून माझीच समजूत घालत होते. शेवटी समोरचा औषधवाला आला, त्याने एका झटक्यात उचललं, खुर्चीत ठेवलं, वर "काकू, एवढंच होतं होय?" म्हणून गेला. एवढंच! त्या रात्री मी आत जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

आणि ही बातमी औषधवाल्याकडून आमच्या मुलाला. मुलगा दुसऱ्या गावात, मोठ्या कचेरीत, स्वभाव चांगला पण बोलणं सगळं यादी वाचल्यासारखं. "आई, एक, दुकान विका. दोन, आमच्याकडे या, तळमजला आहे. तीन, बाबांना आता आराम." मी म्हटलं, बाबांना आराम दिलास तर बाबा सहा महिन्यांत संपतील रे! ज्या माणसाला समोरून कुणी चालत आलं की आधी खांदे दिसतात आणि मग तोंड, तो तुझ्या तळमजल्यावर करणार काय? पडद्यांची मापं घेणार? तर तो म्हणाला, "परत पडले तर? तू उचलशील?"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण जिभेला हाड असतं तर! मी म्हटलं, "उचलीन!"

"एकटी?"

"एकटी!"

"ठीक आहे. सहा महिन्यांनी येतो. एकटीने जमिनीवरून उचलून खुर्चीत बसवून दाखव. जमलं तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

झालं! शब्द गेला तोंडातून, आणि दुसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेच्या दारात. आत सगळी तरणीताठी पोरं आरशासमोर, आणि तिथली शिकवणारी मुलगी एवढीशी, वेणी घातलेली, पण आवाज? फौजदाराचा! तिचं नाव मी ठेवलंय 'अजून दोन'. का? तर तुम्ही दहा वेळा वजन उचला, हात थरथरायला लागू देत, डोळ्यांपुढे काजवे चमकू देत, ही शेजारी उभी राहून म्हणणार, "काकू, अजून दोन!" मी म्हटलं, अगं, दहा म्हणाली होतीस ना? तर म्हणते, "काकू, पहिले आठ-नऊ सोपे असतात, त्यांनी स्नायूला काही कळत नाही. आता अगदीच होत नाही असं वाटतं ना, त्याच्या जवळ जायचं, तेव्हा स्नायूला निरोप जातो की बाबा, वाढायला हवं. शास्त्र आहे हे!"

आणि खरं सांगू, मला ते पटलं. शास्त्र म्हणजे शास्त्र, तिथे कुणाची भीड चालत नाही. तुम्ही कुणाची आई आहात, कुणाची काकू आहात, स्नायूला काही पडलेली नसते. वजन झेपायला लागलं की थोडं वाढवायचं. पुन्हा झेपलं, पुन्हा थोडं. एकदम नाही, थोडं थोडं! आणि उचलताना स्नायू वाढतच नाही म्हणे, वाढतो तो नंतर, आपण झोपलेले असताना. म्हणून झोपायचं. अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी दुपारी झोपले आणि कुणाची बोलायची टाप नव्हती! कारण? शास्त्र!

मग खाणं. मला विचारते, "काकू, प्रथिनं किती खाता?" मी म्हटलं, मोजून कोण खातं गं? तर तिने हिशेब घातला. माझं वजन छप्पन्न, किलोमागे दीड ग्रॅमच्या जरा वर धरलं तर दिवसाला नव्वद ग्रॅम. एका अंड्यात सहा! म्हणजे नुसत्या अंड्यांवर पंधरा! मी म्हटलं, बाई, मी माणूस आहे, खुराडं नाही. मग तिने वाटून दिलं, अंडी, कडधान्य, दूध, दही. तेही एकदम नाही खायचं, तीन-चार वेळा विभागून, प्रत्येक खेपेला पंचवीस-तीस ग्रॅम. "वय झालं की स्नायू जरा बहिरा होतो काकू, त्याला प्रत्येक जेवणात मोठ्याने सांगावं लागतं." बहिरा! माझा स्नायू बहिरा, आणि घरातला माणूस मुका, ते पुढे कळेलच तुम्हाला.

तर तिचं तिसरं म्हणणं, दर रविवारी दंडाचं माप घ्यायचं, एकाच जागी, एकाच वेळी. मी म्हटलं, मापाची काळजी तू करू नकोस! आमच्या घरी साक्षात मापांचा राजा बसलाय. आणि पहिल्या रविवारी ह्यांनी टेप लावला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "सव्वाअकरा."

पुढच्या रविवारी? "सव्वाअकरा. तेवढाच आहे."

'अजून दोन' म्हणाली, "काही हरकत नाही, सुरुवातीला ताकद वाढते ती नसांमुळे. मेंदू स्नायूला कामाला लावायला शिकतो. जाडी नंतर येते." बरं. आठ किलोंवरून वीसवर गेले. दांडा उचलायला लागले, दांड्याला चकत्या लागल्या. तीस. पस्तीस! घरी जिन्यावरून कापडाचा गठ्ठा एका दमात! आणि रविवारी?

"सव्वाअकरा. तेवढाच आहे गं." आणि हसायचे! प्रेमाने हसायचे हो! मला असा राग यायचा!

तीन महिने झाले, 'अजून दोन' डोकं खाजवायला लागली. "वजन तर वाढतंय काकू, पंचेचाळीस उचललंत. मग दंड का वाढत नाही? नक्की खाणं कमी पडतंय. खाणं वाढवा." वाढवलं. दोन अंडी जास्त. पुढच्या महिन्यात, "अजून वाढवा." वाढवलं! घरात सकाळ-संध्याकाळ पातेली चढायला लागली. आणि मी एकटी ताटावर बसले की हे समोर येऊन बसायचे. "एकटीने जेवू नये गं, अंगी लागत नाही." मग एक अंडं त्यांना, वाटीभर कडधान्य त्यांना, पेलाभर दूध त्यांना… मला काय, सोबत होते. बिचारा माणूस माझ्यासाठी जेवतोय, म्हणून मला भरून यायचं. भरून त्यांचं पोट यायचं, ते माझ्या लक्षातही आलं नाही!

पाचवा महिना उजाडला, आणि मी खचले. खरंच खचले. मुलाचा फोन, "आई, तिकीट काढलंय." ह्यांचा टेप, "सव्वाअकरा." मी व्यायामशाळेत बाकावर बसले आणि 'अजून दोन'ला म्हटलं, पोरी, माझं शास्त्र संपलं. तुझं पुस्तक तरुणांसाठी लिहिलंय. मला काही होणार नाही. तिने काय केलं? कपाटातला टेप काढला, "इकडे द्या हात," म्हणाली, आणि लावला. बघते टेपाकडे. परत लावते. परत बघते.

"काकू, तुमच्याकडे माप कोण घेतं?"

"आमचे हे. अडतीस वर्षांचा हात आहे."

"मग त्यांना म्हणावं चष्मा बदला. पावणेतेरा आहे!"

पावणेतेरा! अहो, दीड इंच! दीड इंच दंड वाढला आणि मला पत्ता नाही! मी तशीच उठले, घामाचे कपडे, चालत नाही, पळत घरी. कपाट उघडलं, माझे सगळे कपडे बाहेर ओढले आणि बाह्या उलट्या केल्या. तुम्हाला सांगते, काजं-बटणं करणारीला टाके वाचता येतात. प्रत्येक बाही आतून उसवलेली! आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, आम्ही त्याला दाब म्हणतो, ते सोडून परत शिवलेली! जुन्या टाक्यांची भोकं तिथल्या तिथे, दोन-दोन रांगा! मी दुपारी शास्त्र म्हणून झोपत होते ना, तेव्हा हा माणूस खाली बसून माझ्या बाह्या मोकळ्या करत होता!

खाली गेले. हे शांतपणे कॉलर कापत होते. मी म्हटलं, "वही काढा."

"कसली वही?"

"मापांची!"

आता आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर तुम्ही ह्यांना लबाड म्हणाल. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, आणि बाई असो वा बुवा, गेल्या खेपेपेक्षा माप वाढलेलं निघालं, तर ते तोंडाने बोलायचं नाही. मोठ्याने सांगायचं जुनंच, "तेवढंच आहे हो!", आणि वहीत लिहायचं खरं. कपडा खऱ्यावर कापायचा. गिऱ्हाईक खूश, कपडा अंगाला बरोबर, कुणाचं मन मोडत नाही. ह्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. सगळ्या वस्तीला वाटतं आपण गेली वीस वर्षं बारीक आहोत, आणि खरं काय ते फक्त आमच्या वहीला ठाऊक!

मी वही ओढली, माझं पान काढलं. आणि तिथे, बारीक अक्षरात, प्रत्येक रविवार: सव्वाअकरा. सव्वाअकरा. साडेअकरा. साडेअकरा. पावणेबारा. बारा! बारा! सव्वाबारा! साडेबारा… पावणेतेरा. एक रविवार चुकलेला नाही! शास्त्र जसं म्हणत होतं तसं, पायरी-पायरीने, माझा दंड वर चढत होता, आणि हा माणूस ते बघत होता, लिहीत होता, आणि तोंडाने काय? तेवढाच आहे गं!

मी ओरडले, "अहो, मला वाढवायचाच होता ना!"

हे गोंधळले. खरंच गोंधळले! म्हणाले, "अगं, पण बाईमाणसाला… वाढलंय असं… तोंडावर…?" अडतीस वर्षांची सवय हो, मेंदूत शिरलं तरी जिभेपर्यंत उतरेना! मी रागावू की हसू? दोन्ही केलं. आणि ती वही छातीशी धरून पुऱ्या दुकानात नाचले, आणि ह्यांच्याकडून शब्द घेतला, ह्यापुढे माझं माप, जे असेल ते, खरं आणि मोठ्याने! ह्यांनी खडूवर हात ठेवून शब्द दिला. त्या आठवड्यात मी दांड्यावर बासष्ट किलो उचलले. बासष्ट! आणि ह्यांचं वजन? पडल्यावर तपासणीला नेलं तेव्हा दवाखान्यात केलेलं, अठ्ठावन्न. म्हटलं, येऊ दे मुलाला!

आला. रविवारी सकाळी, दुकानात. मी म्हटलं तसा यादीचा माणूस, कागदावर लिहूनच आणलेलं. "एक, बाबांनी अंग ढिलं सोडायचं. दोन, कुणी हात लावायचा नाही." औषधवाला दारात उभा, न जाणो म्हणून. 'अजून दोन' माझ्या बाजूला. ह्यांना सावकाश खाली बसवलं, हे आडवे झाले. मी त्यांना उठवून बसतं केलं, मागे गेले, बगलेखालून हात, आपलंच मनगट आपण पकडलं, पाठ सरळ, टाचा जमिनीत. आधी काजं करायच्या बुटक्या स्टुलावर, तिथून खुर्चीत, असं शंभर वेळा गठ्ठ्यावर केलेलं. श्वास घेतला. आणि उचललं…

हलेनात!

अहो, अठ्ठावन्न किलोचा माणूस हलेना! चारेक बोटं वर आले आणि परत खाली! मुलाच्या तोंडावर, तुम्हाला सांगते, आनंद नव्हता हो, वाईटच वाटलं त्याला. हळूच म्हणाला, "राहू दे, आई." राहू दे! अडतीस वर्षं, हे दुकान, हा माणूस, राहू दे? मी ह्यांच्या कानात विचारलं, "अहो, वजन किती तुमचं?"

आणि हे काय म्हणाले असतील?

"तेवढंच आहे गं!"

"खरं सांगा!"

"…सहासष्ट."

"सहासष्ट! शब्द दिला होतात ना?"

"तो तुझ्या मापाचा होता."

आठ किलो! माझी अंडी, माझं कडधान्य, माझं पनीर! मला सोबत म्हणून जेवून जेवून हा माणूस आठ किलो वाढला, आणि का वाढला? कारण मला जास्त खायला सांगितलं! का सांगितलं? कारण दंड वाढत नव्हता! का वाढत नव्हता? कारण हाच म्हणत होता, तेवढाच आहे! 'अजून दोन' घाबरून म्हणाली, "काकू, थांबा, एकदम एवढं वाढवायचं नसतं, शास्त्रात बसत नाही!" मी म्हटलं, शास्त्र गेलं खड्ड्यात, हा माझा नवरा आहे!

मनगट पकडलं. टाचा रोवल्या. डोळे मिटले. आणि पायांनी जमीन खाली ढकलली… हळू… मांड्या पेटल्या… कानात घणघण… उजवी बाही टर्रकन फाटली, कारण आता आत दाब उरलाच नव्हता… आणि ह्यांचं बूड स्टुलाला टेकलं! मी थांबले? नाही थांबले! तोच जोर, तोच श्वास, फिरवलं आणि खुर्चीत! खुर्चीत, नीट, गळ्यातल्या टेपासकट! औषधवाला दारातून ओरडला, 'अजून दोन'ने चक्क शिट्टी मारली, आणि आमचा मुलगा, तो यादीवाला, त्याच्या डोळ्यांत पाणी! हातातला कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "आई, विषय संपला." आणि ह्यांनी, तुम्हाला सांगते, खुर्चीत बसल्या बसल्या गळ्यातला टेप काढला, माझ्या फाटक्या बाहीतून दंडाला लावला, चष्मा वर केला आणि मुलासमोर, औषधवाल्यासमोर, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले, "तेरा! वाढलाय!"

मी जिंकले हो! दुकान राहिलं, घर राहिलं, बोर्ड तिथेच आहे. फक्त एकच आहे, 'अजून दोन' म्हणते, "काकू, हे सोडलंत तर कमावलेला स्नायू उतरायला लागेल, काकांना उचलता यायला हवं तर जन्मभर चालू ठेवा, आणि वजन हळूहळू वाढवत न्या." म्हटलं, वाढवण्याची काळजी मला नाही बाई. माझं वजन आत्ता आत बसून चौथं अंडं सोलतंय.